लुटुपुटीचा वॉर्ड

...नाही, पण मी म्हणते, साधा प्रश्न आहे ना? आज जेवायला घरी आहात का? जगातला कुठलाही नवरा याला 'हो' म्हणतो नाहीतर 'नाही' म्हणतो, फार तर 'बघतो' म्हणतो, आणि 'बघतो' म्हणजे 'नाही' हे आपल्याला न सांगता कळतं. आणि आमचे हे? आधी चष्मा काढतात. मग शर्टाच्या टोकानं काच पुसतात. मग छताकडे बघतात, जसं काही तिथे लिहून ठेवलंय, आणि म्हणतात, "येण्याकडे कल आहे, पण न येण्याची शक्यता नाकारता येत नाही." आता मी काय करू? पातेलं मोठं घेऊ की छोटं? कल शिजवायला कुठलं पातेलं लागतं? आणि वर मलाच विचारतात, तू चिडलीस का म्हणून!

माणूस वाईट नाही हो. तसं अजिबात समजू नका. दारू नाही, पत्ते नाहीत, जुगार... जुगार म्हणाल तर फासे आहेत, पण ते कॉम्प्युटरमधले. तो त्यांचा धंदाच आहे. ज्या गोष्टीचा काही म्हणजे काही नेम नाही तिचं गणित मांडायचं! पुलावर गाड्या कधी येतील, बँकेत गिऱ्हाईक कधी येईल, कारखान्यातलं मशीन कधी मान टाकेल, कुणाला ठाऊक? कुणालाच नाही. मग हे काय करतात, आधी खऱ्या पुलावर जाऊन बसतात, कोण कधी आलं, किती वेळ अडकलं ते घड्याळ लावून टिपतात, मग कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब तसाच एक लुटुपुटीचा पूल बांधतात, त्यावर लुटुपुटीच्या गाड्या सोडतात आणि फासे टाकत बसतात. हा पडला तर ट्रक आला, तो पडला तर सायकल आली, तिसरा पडला तर ट्रकनं सायकलला ठोकलं. असे हजार दिवस! हजार दिवस पूल चालवायचा, तोही खुर्चीवरून न उठता, चहा पीत. आणि शेवटी अहवाल द्यायचा की पूल तुंबेल, पण न तुंबण्याची शक्यता नाकारता येत नाही. याचा पगार मिळतो, तुम्हाला सांगते, दर महिन्याला मिळतो! लग्न ठरलं तेव्हा मी आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे ज्योतिषी आहे का मुलगा? मी म्हटलं, नाही गं, ज्योतिषी निदान ठामपणे सांगतो.

आणि लग्नाआधी मी विचारलं होतं बरं का. आम्ही पहिल्यांदा भेटलो, समोर कॉफी, मी आपली तरुण, उत्साही, विचारलं, आपण सुखी होऊ ना? दुसरा कुणी असता तर टेबलावर हात ठेवून 'हो' म्हणाला असता. ह्यांनी चष्मा काढला. म्हणाले, सुरुवातीची लक्षणं चांगली आहेत. मी हसले हो! मला वाटलं, विनोद करतायत. वर्षं लोटली, अजून कळायचंय.

एकदा तर न्हाणीघराचं गणित मांडलं होतं. सकाळी घरात माणसं चार, मी, हे, सासूबाई आणि तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली नणंद, आणि न्हाणीघर एक. रोज कुणीतरी टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभं. ह्यांनी आठवडाभर घड्याळ लावलं, लुटुपुटीचं न्हाणीघर बांधलं, लुटुपुटीच्या आम्हाला आंघोळी घातल्या, आणि उत्तर काढलं की सासूबाई सगळ्यात शेवटी गेल्या तर घरातली वाट बघण्याची वेळ निम्म्यावर येते. अगदी बरोबर उत्तर! मीही मान डोलावली. मग मी विचारलं, हे आईंना सांगणार कोण? तर म्हणाले, "ते मॉडेलच्या बाहेर आहे." झालं. सासूबाई आजही पहिल्या जातात, पूजेला बसल्यासारखा वेळ लावतात, आणि बाहेर येऊन मलाच सांगतात की माझ्या लेकाचं गणित लहानपणापासून पक्कं, कधी चुकायचं नाही.

आता मी कोण? मी सिस्टर. इन्चार्ज सिस्टर. आमच्या दवाखान्यात अपघात विभागाच्या शेजारी एक लांबट खोली आहे, आठ खाटांची, ती माझी. ज्या पेशंटला घरी पाठवायची भीती वाटते आणि भरती करून घ्यावं इतकं काही दिसत नाही, तो माझ्याकडे येतो. चक्कर आलेले, छातीत 'जरासं' होणारे, पोट धरून आलेले. ठेवायचं, नजर ठेवायची, मग वर पाठवायचं नाहीतर घरी. इथे 'कल आहे' म्हणून चालत नाही, तुम्हाला सांगते. पेशंट दारातून आत आला की चार पावलांत मला कळतं ह्याला कुठल्या खाटेवर घ्यायचं. मी बोट दाखवते, वॉर्डबॉय खाट लावतो, संपला विषय. घरी मात्र मी विचारते, पाऊस पडेल का हो, कपडे आत घेऊ का? तर म्हणे शक्यता नाकारता येत नाही! तोवर कपडे भिजलेले असतात.

तर झालं काय, आमच्या अधीक्षकांच्या डोक्यात सभागृह शिरलं. अधीक्षक म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, दवाखान्याचे सर्वेसर्वा. उंच, गोरे, नेहमी हसतमुख, आणि बोलताना एकेक शब्द कापसात गुंडाळून देणार. मला बोलावलं आणि म्हणाले, सिस्टर, आपल्याकडे बैठकीला बसायला धड जागा नाही, बाहेरचे लोक येतात, फार संकोच होतो. मी म्हटलं, होय सर. मला वाटलं खुर्च्या मागवणार असतील. तर म्हणतात, तुमच्या वॉर्डातल्या खिडकीकडच्या दोन खाटा बऱ्याचदा मोकळ्याच दिसतात, तेवढा भाग पार्टिशन घालून घेतला तर एक छान लांब टेबल बसेल, उजेडही चांगला आहे. म्हणजे पेशंटला उजेड कशाला हवा! उजेड बैठकीला हवा!

त्या खिडकीकडच्या खाटेवर... आता हसण्यावारी नेऊ नका, हे खरं सांगते... त्याच खाटेवर एक किराणा दुकानदार होता. गॅस झालाय म्हणत आला होता, पोटावर हात फिरवत, घरी जाऊ द्या म्हणून मागे लागलेला. अपघात विभाग त्याला पाठवायच्या बेतात होता. खाट मोकळी होती म्हणून मी म्हटलं, तासभर पडा हो, तुमचं दुकान कुठे पळून जात नाही. त्या तासाभरात त्याचं हृदय थांबलं. खाटेवर होता, तारा लावलेल्या होत्या, आम्ही दोन पावलांवर होतो म्हणून परत आणला. खाट नसती तर तो तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात असता. या दोन खाटा म्हणजे माझ्यासाठी ते आहे. लांब टेबल नाही.

मी हे सगळं अधीक्षकांना सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी कापूस सोडून म्हणाले, सिस्टर, भावना समजते, पण निर्णय शास्त्रीय पद्धतीनं घेऊ, बाहेरच्या तज्ज्ञ मंडळींकडून तपासून घेऊ. मी म्हटलं, घ्या. मी काय घाबरते? आठवड्याभरात तज्ज्ञ मंडळी आली. दार उघडलं, बघते तर काय... गळ्यात ओळखपत्र, हातात घड्याळ, डोळ्यांवर चष्मा. सकाळी ज्याच्या हातात डबा दिला तोच माणूस! मी बाजूला घेतलं, म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? तर म्हणे, कल्पना होती. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? तर म्हणे, काम मिळायची शक्यता फार कमी होती.

आणि सरळ माणूस ना! आधीच अधीक्षकांना सांगून मोकळे झाले की इथली इन्चार्ज माझी बायको आहे, तुम्हाला चालत नसेल तर दुसरा कुणी पाठवतो. अधीक्षक तर खूश. म्हणाले, उत्तमच झालं, उद्या निकाल वॉर्डाच्या विरोधात गेला तर सिस्टरना तक्रार करायला जागाच राहणार नाही. बघा म्हणजे! माझ्याच नवऱ्यानं माझंच तोंड बांधायचं, आणि दवाखान्यानं त्याला त्याबद्दल चहा द्यायचा. ह्यांचे साहेब आले होते, त्यांनी तर ह्यांच्या पाठीवर थाप मारली, हे काम नीट झालं की तुम्हाला विभागप्रमुख केलंच समजा. हे आनंदले. म्हणजे चष्मा पुसला.

मग बसले आठवडाभर वॉर्डात. आणि तुम्हाला सांगते, त्या आठवड्यात अख्ख्या शहरातला एक माणूस आजारी पडेना! एरवी माझ्याकडे खुर्च्यांवर पेशंट बसलेले असतात, आणि ह्या आठवड्यात आठातल्या पाच खाटा नुसत्या चादरी ताणून पडलेल्या. मला लाज वाटायला लागली. मी चक्क रस्त्याच्या दारात जाऊन बघायला लागले, कुणाला भोवळ येतेय का म्हणून. एक काकू आल्या, गुडघा दुखतो म्हणून, त्यांना अपघात विभागानं परत पाठवलं तर मी म्हटलं, काकू, या हो आत, पडा घटकाभर. त्या पडल्या, ह्यांच्याकडे बघितलं, आणि चष्मा बघून त्यांना वाटलं हेच मोठे डॉक्टर. मग काय विचारता! गुडघ्यापासून सुरुवात केली ते थेट सुनेपर्यंत. "डॉक्टर, ही कळ आहे ना, ती सून बोलली की वर चढते." आणि हे ऐकतायत! मन लावून! ह्यांना 'मी डॉक्टर नाही' म्हणायला संधीच मिळेना, कारण काकू श्वास घ्यायला थांबेनात. शेवटी त्या इतक्या बऱ्या झाल्या की चालत घरी गेल्या, आणि ह्यांनी मला विचारलं की हा वेळ पेशंटची सेवा म्हणून टिपायचा की मुलाखत म्हणून.

मी म्हटलं, अहो, हा आठवडा धरू नका, मागच्या महिन्यात यायचं होतं बघायला, उभं राहायला जागा नव्हती. तर म्हणाले, आठवड्यावर कुणी विसंबतं का, वर्षभराच्या नोंदी घेतल्यात मी. आणि मग मला समजावून सांगायला लागले, माझ्याच वॉर्डात, माझ्याच टेबलाशी उभं राहून, की तुला गर्दीचे दिवस लक्षात राहतात, कारण तू दमतेस, आणि रिकामे दिवस तू विसरतेस, कारण विसरण्यासारखेच असतात, त्यामुळे तुझ्या आठवणीतला वॉर्ड खऱ्या वॉर्डापेक्षा जास्त भरलेला आहे. असं म्हणतात हो! बायकोला! आणि पोटात दुखायचं कारण हे की ते खरं होतं.

घरी मग अबोला. म्हणजे मी बोलत नव्हते; ह्यांच्या ते लक्षात यायला दोन दिवस गेले. हे आपले कॉम्प्युटरला चिकटून लुटुपुटीचा वॉर्ड बांधतायत. लुटुपुटीच्या आठ खाटा, लुटुपुटीचे पेशंट, लुटुपुटीच्या दोन नर्सेस. मी मागून जाताना बघितलं, मी कुठेच नव्हते त्यात. विचारलं असतं, पण अबोला होता ना!

आणि एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना हे म्हणाले, झालं काम, दोन खाटा काढता येतील. मी हातातला डाव खाली ठेवला. म्हटलं, काढता येतील म्हणजे कल आहे की शक्यता आहे? तर हे माझ्याकडे सरळ बघून म्हणाले... मी शपथेवर सांगते, चष्मासुद्धा काढला नाही... म्हणाले, "नक्की."

नक्की! ह्या माणसाच्या तोंडून! सासूबाईंनी तर घास थांबवला आणि ह्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही लेकरानं पहिलं पाऊल टाकलंय. म्हणाल्या, मी म्हणत होते ना, माझ्या लेकाचं गणित. मी पुन्हा विचारलं, एखाद्या दिवशी कमी पडायची काही शक्यता? नाही. अगदी वाईट दिवस आला तर? आलाच नाही. हजार दिवस वॉर्ड चालवला सहा खाटांवर, हजारातल्या एकाही दिवशी खाट कमी पडली नाही, मलाही नवल वाटलं, पण आकडा आकडा आहे. आणि बोलताना चेहरा कसा उजळलेला! तुम्हाला सांगते, मला रडू की हसू कळेना. इतकी वर्षं मी ह्या एका शब्दासाठी कान टवकारून बसले, एकदा तरी ठाम बोला, एकदा तरी छातीठोक सांगा, पातेलं मोठं की छोटं... आणि बोलले ते नेमके माझ्या दोन खाटांवर!

मग आली बैठक. अधीक्षकांच्याच खोलीत, आणि मुद्दाम तिथेच, कारण खोलीत खुर्च्या इतक्या दाटीनं लावल्या होत्या की हेड क्लार्कला कपाटाच्या आत अर्धं बसावं लागलं. अधीक्षक हात पसरून म्हणाले, बघताय ना, हीच ती अडचण. ह्यांचे साहेब सहानुभूतीनं हळहळले. मी दाराशी उभी. हे पुढे, भिंतीवर पडदा, केस विंचरलेले, आणि आवाज? इतका खणखणीत आवाज मी ह्यांचा लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. आलेखावर आलेख! खाटा सहा पुरे. हजार दिवसांत तुटवडा शून्य. नक्की. तो शब्द पुन्हा! अधीक्षक टेबलाची लांबी मनातल्या मनात मोजत होते, मला दिसत होतं. मी खिडकीतून बाहेर बघत स्वतःला सांगितलं, आता रडायचं नाही, वॉर्डात पेशंट आहेत, रडक्या तोंडानं जाता येणार नाही.

आणि अधीक्षकांना लहर आली. अंगात उत्साह फार! म्हणाले, या हजार दिवसांतला सगळ्यात वाईट दिवस जरा दाखवा बघू, आमची परीक्षा कशी झाली ते कळू दे. ह्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दिवस आला. सकाळी एक चक्करवाली, मग एक पोटदुखीवाला, दुपारी दोघं एकदम, संध्याकाळी एक. गर्दीच्या वेळी खाटा चार भरलेल्या. अधीक्षक म्हणाले, वा, आणि आता सगळ्यात चांगला दिवस दाखवा. ह्यांनी बटण दाबलं. सकाळी एक चक्करवाली, मग एक पोटदुखीवाला, दुपारी दोघं एकदम, संध्याकाळी एक. खाटा चार.

आणि अधीक्षकांचा चेहरा एकदम असा फुलला! म्हणाले, म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात वाईट दिवस हा सगळ्यात चांगल्या दिवसाइतकाच चांगला असतो, याला म्हणतात व्यवस्थापन, हे लिहून घ्या. हेड क्लार्क कपाटातून लिहून घेतोय. साहेब म्हणतायत, क्वचितच बघायला मिळतं असं. सगळे खूश. सगळे! आणि हे? ह्यांनी चष्मा काढला होता. काढला, आणि पुसलाच नाही. नुसता हातात. मी ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढलीत, मला ते दिसलं आणि कळलं, काहीतरी बिनसलंय. ह्यांनी आणखी एक दिवस उघडला. चक्करवाली, पोटदुखीवाला, दुपारी दोघं, संध्याकाळी एक. आणखी एक. चक्करवाली, पोटदुखीवाला...

तुम्हाला साधं करून सांगते, मलाही नंतर ह्यांनीच साधं करून सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये फासे टाकतात ना, ते नवीन मॉडेल तपासताना मुद्दाम बांधून ठेवतात. म्हणजे दर वेळी तेच दान पडलं पाहिजे, नाहीतर चूक मॉडेलची की नशिबाची ते कळणार कसं? तपासून झालं की फासे सोडायचे, मग खरं काम सुरू. ह्यांनी बांधले, तपासलं, आणि सोडायचे राहिले. हजार दिवस म्हणून चालवले ते एकाच दिवसाचे हजार फेरे. आणि तो दिवस निघाला नेमका शांत! गाणं लावायला बसावं आणि ग्रामोफोनची सुई एकाच ओळीवर अडकावी, तसं.

आता बघा हं. त्या खोलीत हे एकट्या ह्यांना कळलं होतं. अधीक्षकांना सभागृह मिळत होतं. साहेबांना पुढचं काम मिळत होतं. ह्यांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळत होती. पडदा गुंडाळायचा आणि आभार मानायचे, एवढंच बाकी. हे उभे राहिले आणि म्हणाले, "हे हजार दिवस नाहीत. हा एकच दिवस आहे. माझी चूक आहे."

साहेब घाईघाईनं हसत म्हणाले, ते म्हणतायत की निकाल अतिशय सुसंगत आहेत. हे म्हणाले, "नाही साहेब. मी म्हणतोय की हे चुकलंय. मी जे नक्की म्हणालो ते मागे घेतो."

तुम्हाला सांगते, मी दाराशी उभी होते, युनिफॉर्म घालून, आणि मला त्या क्षणी हा माणूस इतका आवडला, इतका आवडला, की वाटलं जाऊन ह्यांचा चष्मा आपणच पुसून द्यावा. कान लालबुंद झालेले, आवाज पुन्हा पहिल्यासारखा खाली गेलेला, पण हटले नाहीत. अधीक्षक खुर्चीत मागे टेकले. हेड क्लार्कनं विचारलं, मग ते व्यवस्थापनाचं खोडू का?

घरी जाताना बसमध्ये मी अबोला मोडला. विचारलं, अहो, तुमच्यासारख्याच्या ध्यानात कसं आलं नाही? म्हणाले, "मला आवडलं होतं गं. एकदा तरी तुला नक्की सांगता येतंय, हे इतकं आवडलं की मी पुढे बघितलंच नाही." मी ह्यांचं तिकीटपण काढलं.

चार दिवसांनी फासे सोडून पुन्हा चालवलं. आणि ह्या वेळी हजार दिवस म्हणजे हजार तऱ्हा! कुठे वॉर्ड रिकामा, कुठे खचाखच. आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक दिवस रिकाम्याच खाटा निघाल्या. तिथे ह्यांचं खरं होतं, ते मी मान्य केलं, फक्त जरा हळू आवाजात. पण वाईट दिवस निघाले ते एकेकटे नाहीच. आज भरलेला वॉर्ड उद्या रिकामा होत नाही, कालचे पेशंट खाटेवर असतानाच आजचे येतात, की परवाच्याला खुर्ची, तेरवाच्याला जिना. त्या दिवसांत सहा खाटा सोडाच, आठही पुरत नव्हत्या. अधीक्षकांनी तोंड वाकडं केलं, म्हणाले, पण असा दिवस येणार कधी, ते नक्की सांगा. हे म्हणाले, "नक्की एवढंच सांगतो की येणार. कधी, ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तर खाटा ठेवायच्या असतात."

मी टाळ्या वाजवणार होते, पण हातात ट्रे होता.

खाटा राहिल्या! दोन्ही! खिडकीकडच्या, उजेडाच्या! सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, माझ्या लेकाचं गणित पक्कंच, फक्त फासे चुकले. म्हणू देत. मी जिंकले होते, माझा वॉर्ड जिंकला होता, मी आठवडाभर अशी चालत होते की वॉर्डबॉय बाजूला होत होते.

आणि मग अधीक्षकांनी बोलावलं. हसतमुख. मला वाटलं, अभिनंदन करणार. म्हणाले, सिस्टर, तुमचे मिस्टर म्हणजे सोन्यासारखा माणूस, जो भर बैठकीत स्वतःची चूक सांगतो त्याच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबावं. मी म्हटलं, होय सर. ऊर भरून आला हो माझा. म्हणाले, आता अख्ख्या दवाखान्याचं काम त्यांनाच दिलंय. मी म्हटलं, वा सर. म्हणाले, आणि ह्या वेळी जुन्या नोंदी नकोत, सगळं प्रत्यक्ष बसून मोजायचं, पूर्ण वर्षभर, सुरुवात तुमच्याच वॉर्डापासून.

तर असं आहे. एवढं मोठं काम मिळालं म्हणून साहेबांनी ह्यांना विभागप्रमुख केलं, विभागात अजून तरी हे एकटेच आहेत, आणि विभागाची जागा म्हणजे माझ्या वॉर्डाचा कोपरा. घरी हे, बसमध्ये हे, आणि सकाळपासून समोर घड्याळ लावून हे. मी इंजेक्शन भरते, टक्. सुई टोचते, टक्. जरा पाठ टेकली, टक्. गुडघेवाल्या काकू आता दर आठवड्याला येतात, थेट ह्यांच्याकडे. आणि माझ्या वॉर्डाचा नियम काय आहे माहितीये? कडक नियम आहे, मीच लावलाय, दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे की नातेवाइकांनी आत बसू नये. कुणाची आई असो, कुणाचा नवरा असो, मी हाताला धरून उठवते, कुणाचं ऐकत नाही. अख्ख्या वॉर्डात एकच नातेवाईक दिवसभर बसून असतो, आणि त्याला काही म्हणावं तर त्याच्या खिशात अधीक्षकांची लेखी परवानगी आहे.